डोळ्याखालचा नासूर, दाढेचे मूळ : एका राखणदार कुत्र्याचे प्रकरण

अमळनेर तालुक्यातील तापीकाठच्या एका गावातून भुऱ्या नावाचा, सुमारे सात वर्षांचा गावठी नर कुत्रा चैत्राच्या अखेरीस माझ्याकडे तपासणीसाठी आणला गेला. त्याचे वजन १९ किलो होते आणि काम शेताची व खळ्याची राखण. तक्रार एकच होती : उजव्या डोळ्याखाली गालफडावर गाठ येते, ती फुटून पू वाहतो, आठवडाभराच्या औषधाने जखम भरून येते आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ येते. हे पहिल्यांदा घडले ते आदल्या वर्षी, शेतातल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उपटण्याच्या दिवसांत. त्यामुळे पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा काटा रुतला असावा, असा घरच्यांचा समज झाला आणि तो अवाजवी नव्हता. हळद-तेल लावून झाले, प्रतिजैविकाची इंजेक्शने झाली, एकदा तर जखम रुंद करून आत काटा आहे का तेही पाहिले गेले. काटा मिळाला नाही.

कुत्र्याच्या डोळ्याखाली नेमक्या याच जागी वारंवार फुटणारा नासूर दिसला, की पहिला संशय दाढेवर घ्यावा लागतो. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. त्यांतील वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ, म्हणजे सुळ्यामागून चौथा दात, वरच्या दाढांत सर्वांत मोठी असून मांस कातरण्याचे व हाड फोडण्याचे काम मुख्यतः तीच करते. तिला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या खालच्या बाजूला, गालफडाच्या पातळ हाडाजवळ येऊन थांबतात. दाढ फुटून तिच्या आतला जिवंत मगज उघडा पडला, तर तोंडातले जंतू त्या वाटेने मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतात व तिथे पू साठतो. हा पू हिरडीतून बाहेर येण्याऐवजी बहुधा वरचे पातळ हाड पोखरून कातडीला छिद्र पाडतो. प्रतिजैविक दिल्यावर भोवतालच्या मांसातला दाह ओसरतो आणि छिद्र मिटते, पण मेलेल्या मगजात रक्तपुरवठाच उरलेला नसल्याने औषध जंतूंच्या मूळ ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून औषध थांबले की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सगळे पुन्हा सुरू होते.

ही शक्यता मांडल्यावर घरातले ज्येष्ठ शेतकरी, ज्यांना सारे गाव बापू म्हणते, त्यांनी लगेच विचारले, “डॉक्टरसाहेब, भाकर ते बराबर खास तो, मंग दात कसा दुखी त्याना?” प्रश्न रास्त होता. माणसाची दाढ ठणकू लागली की पहिल्यांदा जेवण सुटते, म्हणून जनावर खात असेल तर त्याचे तोंड दुखत नसणार, असे आपण धरून चालतो. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हा आडाखा जवळजवळ नेहमी चुकतो. भूक ही वेदनेपेक्षा मोठी गरज असल्याने जनावर खाणे सोडत नाही, खाण्याची पद्धत बदलते. ते एका बाजूने चावते, घास न चावता गिळते, कोरडे टाकून ओले आधी खाते, हाड तोंडात धरून खाली ठेवते आणि पुन्हा उचलते. हे बदल महिनोनमहिने सावकाश होत गेल्यामुळे रोज समोर असणाऱ्या माणसाच्या ते नजरेत भरत नाहीत. याच बापूंना बैलबाजारात गोऱ्हा आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला आहे हे ओठ वर करताच सांगता येते, पण भुऱ्याचा ओठ त्यांनी कधी उचलून पाहिला नव्हता. यात त्यांचा दोष नाही. बैलाचे दात वय सांगतात आणि वयावर किंमत ठरते, म्हणून ते पाहण्याची रीत पडली. कुत्र्याच्या दातांना तसा भाव कधी आलाच नाही.

तपासणी

तोंडात हात घालण्यापूर्वी एक गोष्ट विचारणे आपल्याकडे अपरिहार्य आहे. लाळ गाळणारा, घास खाली पाडणारा किंवा जबडा नीट न मिटणारा कुत्रा समोर आला, की ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून घरचा माणूस बेधडक तोंडात हात घालतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा लुळा पडतो तेव्हाही चित्र हुबेहूब असेच दिसते, आणि रेबीजची लक्षणे एकदा उमटल्यावर त्यावर उपाय नाही. भुऱ्याच्या लसीचे कार्ड बापूंच्या नातीने सोबत आणले होते, दरवर्षीची लस वेळेवर झाली होती, वागण्यात बदल नव्हता आणि तक्रार वर्षभर जुनी होती. तरीही तपासणी हातमोजे घालूनच केली.

डोळा स्वच्छ होता, बाहेर ढकलला गेलेला नव्हता आणि जबडा उघडताना भुऱ्या कळवळला नाही. त्यामुळे डोळ्याच्या खोबणीमागचे गळू बाजूला पडले. दोन्ही नाकपुड्यांतून श्वास सारखा येत होता व नाकातून रक्त येत नव्हते, म्हणून नाकातील गाठीची शक्यता कमी झाली. भटक्या व मोकळ्या कुत्र्यांत आढळणारी संसर्गजन्य लैंगिक गाठ कधी कधी नाकात व चेहऱ्यावरही रुजते, हे या भागात काम करताना लक्षात ठेवावे लागते. जखमेत अळ्या नव्हत्या.

मग उजवा ओठ वर केला. गालाकडच्या दाढा पिवळट-तपकिरी कीटणाने अशा लिंपलेल्या होत्या की दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते ते कळत नव्हते. डाव्या बाजूच्या त्याच दाढा मात्र बऱ्यापैकी पांढऱ्या होत्या. एका तोंडातला हा फरक फार बोलका असतो. ज्या बाजूने चावले जाते तिथला थर घासाच्या घर्षणाने थोडाफार निघत राहतो. ज्या बाजूने चावणे बंद झाले तिथे तो साचतो आणि लाळेतील कॅल्शियमचे क्षार बसून दोन-तीन दिवसांत घट्ट होऊ लागतो. म्हणजे भुऱ्याने उजवी बाजू वापरणे केव्हाच सोडले होते. चौथ्या उपदाढेवरचे कीटण चिमट्याने निखळवल्यावर तिची बाहेरची भिंत फळीसारखी उभी उडालेली दिसली. ही चीर हिरडीच्या आत शिरली होती आणि उघड्या भागाच्या मध्यावर एक काळा ठिपका होता. बारीक सळई त्या ठिपक्यात सहज उतरली. मगज उघडा पडून मेल्याची ती खूण होती.

दाढ फुटली कशाने, याचे उत्तर घरच्यांच्या बोलण्यातून मिळाले. बाजाराच्या दिवशी खाटकाकडून नळीची जाड हाडे भुऱ्यासाठी हमखास यायची. शिवाय दिवसा तो लोखंडी साखळीने बांधलेला असे आणि कोणी परके दिसले की साखळी चावत बसे. त्याचे चारही सुळे मागच्या बाजूने झिजून खोलगट झाले होते, ते या साखळीमुळे.

तोंडात आणखी एक गोष्ट दिसली आणि तिने पुढचा सगळा बेत बदलला. कीटणापासून दूर, वरच्या ओठाच्या आतल्या गुलाबी त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके विखुरले होते. दातांच्या रोगात हिरडीची कड लाल होते, असे सुटे ठिपके उमटत नाहीत. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या होत्या. रक्ततपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, ६२,००० भरल्या. निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण दोन लाख ते पाच लाखांच्या दरम्यान असतो. यंत्र कधी कधी एकमेकांना चिकटलेल्या प्लेटलेट मोजत नाही, म्हणून काचपट्टीवर रक्त पसरवून डोळ्यांनीही पाहिले. गुठळ्या नव्हत्या, कमतरता खरी होती. गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकिया या जंतूची झटपट चाचणी होकारार्थी आली. खान्देशात उन्हाळा लागला की गोचीडताप घरोघरी भेटतो. अशा रक्तावर तीन मुळांची दाढ काढायला घेतली असती, तर रक्त थांबवता थांबवता पुरेवाट झाली असती.

शस्त्रक्रिया आधी की ताप आधी

डॉक्सिसायक्लिन २८ दिवसांसाठी सुरू केले. ते रिकाम्या पोटी देऊ नये आणि कोरडी गोळी घशात ढकलू नये, अन्ननलिकेला इजा होते, म्हणून वरणात कालवलेल्या भाकरीच्या मध्यावर द्यायला सांगितले. कुत्र्याची तपकिरी गोचीड अंगावर थोडाच काळ राहते, बाकीचा वेळ भिंतीच्या भेगांत व खाटेच्या सांध्यांत घालवते. त्यामुळे औषध कुत्र्याला लावून भागत नाही, त्याची बसण्याची जागाही फवारावी लागते. गोठ्यातल्या गायी-बैलांवर आढळणारी गोचीड बहुधा निराळ्या जातीची असते, पण फवारणी दोन्हीकडे करून घेतलेली बरी.

त्या काळात वेदनेचे काय, हा प्रश्न होता. बापूंनी स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करून देऊ का, असे विचारले. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंड बिघडवतात. प्लेटलेट कमी असताना असा व्रण वाहू लागला तर जीव जाऊ शकतो. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर आपल्या देशात २००६ मध्ये बंदी आली ती असे औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मरू लागल्यामुळे, पण कुत्र्यांच्या दृष्टीनेही ते औषध घरातल्या डब्यातच राहिलेले चांगले.) घरची कुठलीही गोळी देऊ नये असे बजावून त्याच्या वजनाला योग्य औषध लिहून दिले आणि हाडे बंद केली.

तीन आठवड्यांत ठिपके गेले, भूक वाढली, आणि नासूरही मिटला. आता अडचण वेगळीच झाली. जखम बरी झाली असताना दाढ काढायची कशाला, असे घरात म्हणू लागले. माझ्या मते अशा प्रकरणांत उपचार फसतो तो याच वळणावर. डॉक्सिसायक्लिन हेही प्रतिजैविकच असल्याने त्याने गालावरचा दाह दाबला होता, दाढेतला मेलेला मगज होता तिथेच होता. शब्दांनी जे पटले नसते ते नातीच्या मोबाइलने पटवले. तिने भुऱ्या खाताना जवळून चित्रफीत घेतली होती. कोरड्या भाकरीचा तुकडा उचलताच तो मान डावीकडे कलती करत होता, तुकडा उजवीकडे सरकला की तोंडातून खाली टाकत होता आणि पुन्हा उचलून डाव्या बाजूला घेत होता. वरणात भिजलेली भाकरी त्याने न चावता गिळली. बापूंनी ती फीत पुन्हा लावायला सांगितली आणि शस्त्रक्रियेला होकार दिला.

दाढ वाचवता येते का, हेही तपासणे आवश्यक होते. मुळांच्या नलिका साफ करून भरण्याचा उपचार कुत्र्यांतही होतो, आणि पोलिसांच्या किंवा सैन्याच्या कुत्र्याला तो सुचवलाही जातो. मात्र त्यासाठी दाताभोवतीचे हाड व हिरडी धड असावी लागते, तिन्ही नलिका नीट भराव्या लागतात आणि पुढे एक्स-रे काढून पाठपुरावा करावा लागतो. असे काम करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच भेटतात. भुऱ्याच्या दाढेची चीर हिरडीखाली गेली होती आणि मुळांच्या बेचक्यात सळई खोल उतरत होती. भाकरी-वरण खाणाऱ्या कुत्र्याचे या दाढेवाचून काही अडत नाही. काढणे हाच सरळ उपाय होता.

शस्त्रक्रिया

तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी बांधलेले असतात. तिथे खोडा असतो, पण दातांचे एक्स-रे यंत्र नसते. गावातील एका दंतवैद्याने आपले हातात धरायचे एक्स-रे यंत्र व सेन्सर सकाळपुरते आणून दिले आणि तेवढ्यावर काम भागले. तोपर्यंत वैशाख उजाडला होता व दुपारी पारा ४४ अंशांवर जात होता. भुलीखालच्या जनावराला धापा टाकून अंग थंड करता येत नाही, आणि परतीच्या प्रवासात गुंगीतल्या कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. त्यामुळे पहाटेच बोलावून, शुद्धीवर येऊन उभा राहिल्यावर संध्याकाळी उन्हे कलल्यानंतर घरी पाठवायचे ठरले. प्लेटलेट आता दोन लाखांच्या वर होत्या, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या ठीक होत्या.

शिरेतून भूल दिल्यावर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवली. दातांच्या कामात तोंडात सतत पाणी, रक्त व कीटणाचा चुरा असतो, नळी नसेल तर तो फुप्फुसात उतरतो. नुसत्या गुंगीच्या इंजेक्शनावर किंवा भूल न देता दात ‘साफ करून’ देण्याची जी सेवा काही ठिकाणी मिळते, तिच्याविषयी माझे मत यामुळेच प्रतिकूल आहे. तिच्यात वरचा पिवळा थर निघून दात छान दिसतात, पण रोग असतो हिरडीच्या आत आणि तिथे जागेपणी कोणतेही जनावर हत्यार लावू देत नाही.

एक्स-रेत दाढेच्या पुढच्या व मागच्या दोन्ही मुळांच्या टोकांशी काळसर वलये दिसली, म्हणजे तिथले हाड विरघळले होते. डोळ्याखालच्या मज्जातंतूजवळ बधिरतेचे औषध दिले, त्यामुळे भूल हलकी ठेवता आली. तीन मुळांची दाढ अखंड ओढून काढायला गेले की मूळ मोडते आणि मोडलेले टोक आत राहिले तर नासूर पुन्हा उघडतो. म्हणून हिरडीचा पडदा उचलून, बाहेरचे हाड थोडे कोरून, दाढ तीन भागांत कापली. मग प्रत्येक मूळ स्वतंत्र दाताप्रमाणे हळूहळू सैल केले. या कामात जोर लावण्यापेक्षा हत्यार फिरवून जागच्या जागी धरून ठेवण्याला महत्त्व आहे. शिवाय हत्यार निसटले तर थेट डोळ्याच्या खोबणीत जाऊ शकते, म्हणून बोट कायम त्याच्या टोकाजवळ ठेवावे लागते. मागचे मूळ लवकर आले. पुढच्या दोहोंपैकी टाळूकडचे मूळ बारीक व चिवट होते, त्यातच निम्मा वेळ गेला. तिन्ही टोके गोल व अखंड असल्याची खात्री करून पुन्हा एक्स-रे घेतला, हाडाच्या कडा घासल्या, खळगा धुतला आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी पडदा ताण न देता शिवला. गालावरच्या छिद्राला टाका घातला नाही. मूळ कारण गेल्यावर ते आपोआप भरते. उरलेल्या दातांचे कीटण अल्ट्रासोनिक यंत्राने काढून वर पॉलिश केले, कारण खरखरीत राहिलेल्या पृष्ठभागावर नवा थर लवकर धरतो. घशात ठेवलेली गॉजची घडी मोजून बाहेर काढली.

नंतरची काळजी

दोन आठवडे मऊ अन्न सांगितले : ज्वारीची भाकरी कुस्करून पातळ वरणात किंवा ताकात, उकडलेले अंडे, बिनहाडाचे मटण. घरच्या रश्श्यात कांदा-लसूण भरपूर असतो आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून त्याचा वाटा फोडणीआधीच बाजूला काढायला सांगितला. बाराव्या दिवशी पाहिले तेव्हा टाके बसले होते, गालावर फक्त केस न उगवलेली एक चकती उरली होती.

हाडांवरून घरात बराच वाद झाला. कुत्र्याने हाड चघळल्याने दात साफ होतात, हे काही अंशी खरे आहे. पण नळीचे जाड हाड दाढ फोडू शकते आणि शिजवलेल्या हाडाच्या काचऱ्या आतडे फाडू शकतात, त्यामुळे सौदा तोट्याचा ठरतो. चघळायला द्यायच्या वस्तूवर नख दाबले असता खूण उमटली पाहिजे. उमटली नाही तर ती दाढ फोडण्याइतकी कठीण आहे असे समजावे. कोरडी भाकरी किंवा कोरडे तयार खाद्य दात घासते हीही समजूतच आहे. ते दाताच्या टोकावर फुटते, हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही.

रोज ब्रश करण्याला तोड नाही, आणि ‘रोज’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दोन-तीन दिवसांत थर घट्ट होऊ लागत असेल, तर रविवारचा ब्रश वाया जातो. ही जबाबदारी नातीने घेतली. पहिले काही दिवस तिने वरणाच्या पाण्यात बुडवलेले बोट नुसते ओठाखालून फिरवले, मग बोटाला मऊ कापड गुंडाळले, आणि भुऱ्याने ते चालवून घेतल्यावर लहान मुलांचा मऊ ब्रश आणला. तोंड उघडावे लागत नाही. ओठ उचलून दातांची फक्त बाहेरची बाजू, ब्रश हिरडीकडे तिरपा धरून घासली तरी पुष्कळ होते, आतली बाजू बऱ्याच अंशी जीभ सांभाळते. माणसांची टूथपेस्ट चालत नाही. कुत्रा चूळ भरत नाही, सगळे गिळतो, आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवते. कुत्र्यांची पेस्ट मिळाली नाही तर नुसत्या पाण्याचा ब्रशही चालतो, कारण काम घासण्याने होते.

साखळीऐवजी रुंद पट्टा व सुती दोर आला. झिजलेल्या सुळ्यांच्या खोलगट भागात तपकिरी चकत्या दिसतात, पण सळई कुठेही आत उतरत नाही. म्हणजे झीज सावकाश झाल्याने दाताने आतून स्वतःच नवा थर भरून घेतला आहे आणि तिथे काही करण्याची गरज नाही.

नंतरच्या भेटीत नातीने घरची मांजरही पिशवीतून आणली, कारण आता तिला दातांचे वेड लागले होते. मांजरीला ३० दात असतात आणि तिचे दुखणे कुत्र्याहून वेगळे असते. हिच्या खालच्या जबड्यातील एका उपदाढेच्या मानेशी हिरडी लाल फुगवटा होऊन दातावर चढली होती, आणि तिथे कापसाचा बोळा टेकवताच जबडा थरथरला. मांजरांत दात मुळाशी आपोआप विरघळत जाण्याचा एक रोग बराच आढळतो, खालची तिसरी उपदाढ त्याला बहुधा प्रथम बळी पडते, आणि ब्रशने तो टळत नाही. अशी दाढ एक्स-रे पाहून काढावी लागते. तोवर कोणी दयेपोटी पॅरासिटामॉलचा तुकडा देऊ नये, हे मात्र दोनदा सांगितले. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही आणि एका गोळीनेही मांजर दगावते.

भुऱ्याच्या डाव्या चौथ्या उपदाढेचा एक टवका उडालेला आहे. तिथे मगज उघडा नाही आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या एक्स-रेत मुळांची टोके स्वच्छ होती, म्हणून ती राखली आहे. सहा महिने ते वर्षाच्या आत तिचा पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. त्याआधी डाव्या बाजूला कीटण जास्त साचू लागले, किंवा भुऱ्या आता उजवीकडे मान कलती करून खाऊ लागला, तर तेवढे थांबू नये असे घरच्यांना सांगून ठेवले आहे.